कोपीचा पत्ता

माझं आजोळ चिकोडी तालुक्यातलं. बेळगावात वाढलो, इथेच बीई केलं, मग काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि २०२० साली लॅपटॉप घेऊन जो घरी आलो तो परत गेलोच नाही. आता आठवड्यातले तीन-चार दिवस मामांच्या गावी असतो. तिथलं इंटरनेट आमच्या गल्लीपेक्षा बरं चालतं हे एक कारण, आणि मामीच्या हातचं जेवण हे खरं कारण. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे सांगणार आहे ते या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात घडू शकतं, उगाच एकाच गावाला बोल लागायला नको.

दिवाळी झाली की मामांच्या मळ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात, कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी, वर पाचट नाहीतर ताडपत्री, दाराला जुनं लुगडं. बीड, धाराशिव, जालन्याकडून आलेली ऊसतोडीची टोळी. एका टोळीत दहा-पंधरा 'कोयते', म्हणजे दहा-पंधरा जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की सगळं मोडून, ट्रकात भरून माणसं परत जातात. मी हे लहानपणापासून बघत आलोय. आजी त्यांच्या पोरांना ताक द्यायची, आमच्या जनावरांना त्यांच्याकडून वाढं मिळायचं. आम्ही सगळ्यांना सरसकट 'बीडची माणसं' म्हणायचो, जालन्याची असली तरी. ही माणसं आजारी पडली तर कुठे जातात, हा प्रश्न मला वयाच्या पस्तिशीपर्यंत पडला नव्हता.

तो पडला गेल्याच्या गेल्या हंगामात, जानेवारीतल्या एका रात्री दीडच्या सुमाराला.

मुकादमाचा पोरगा दारात येऊन हाका मारत होता. कोपीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. बाविशीतली असेल, दुसरी खेप. आठवा महिना असं जाऊ म्हणत होती, नववा लागला असं नवरा म्हणत होता. मी लगेच १०८ ला फोन लावला. समोरच्या माणसाने कन्नडमध्ये अगदी नीट विचारलं, कुठे यायचं? गावाचं नाव सांगितलं. गावात कुठे? मळ्यात. कुणाच्या? मामांचं आडनाव सांगितलं, तर त्या आडनावाचे गावात बारा मळे. जवळची खूण? ओढा. ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? माझं कन्नड दुकानात सामान घेण्यापुरतं. मी अडखळायला लागलो तसा मामेभावाने फोन हातातून घेतला. गाडी बिचारी वेळेत निघाली, पण बसस्टॉपशी येऊन थांबली, कारण मळ्याकडच्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्या फसलेल्या. शेवटी बाईला शेजाऱ्याच्या छोटा हत्तीत घालून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. मुलगी जन्मली ती ॲम्ब्युलन्समध्ये. वजन दोन किलोच्या आत.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला तो कार्डाचा. गरोदरपणात मिळतं ते माता-बाल संरक्षण कार्ड. त्यात रक्ताचं प्रमाण, रक्तगट, धनुर्वाताच्या सुया, सोनोग्राफी, सगळं लिहिलेलं असतं. तिच्याकडे ते होतं. गावच्या आशाताईंनी तिसऱ्या महिन्यातच काढून दिलं होतं, तपासण्याही झाल्या होत्या. पण ते कार्ड बीड जिल्ह्यातल्या तिच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. "सासूबाईनं जपून ठिवलंय," ती म्हणाली, "हितं कोपीत भिजंल म्हनून."

दोघी वाचल्या. मुलीला बरेच दिवस नवजात बालकांच्या कक्षात ठेवावं लागलं. तेवढे दिवस नवऱ्याच्या नावावर खाडे पडत गेले. कामावर न आलेल्या दिवसाची रक्कम उचलीतून फिटायची राहते आणि पुढच्या हंगामाच्या अंगावर जाते, त्याला खाडा म्हणतात. मुलीच्या जन्माचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळाला. तो आता त्या पेटीत, कार्डाच्या शेजारी आहे.

आता माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय सुचणार? ॲप.

पंधरा दिवस रात्री जागून मी ते तयार केलं. कोपीचं लोकेशन, गरोदर बायकांची नोंद, मुलांचं लसीकरण, आठवण करून देणारे मेसेज. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत. मला स्वतःला ते फार आवडलं होतं. टोळीतल्या चौदा कोयत्यांपैकी नऊ जणांकडे स्मार्टफोन होता, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि दिवसभर चार्जिंग नाही. बायका पहाटे चारला उठून भाकरी थापणार, उजाडायच्या आत फडात, संध्याकाळी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. फॉर्म भरणार कोण आणि कधी? गावच्या आशा अक्कांना दाखवलं तेव्हा त्यांनी शांतपणे आपला फोन काढला. "बघ, आधीच चार ॲपं हायत. पाचवं घालतोस?"

नोकरीत आम्ही नव्या मुलांना शिकवतो की कोड लिहिण्याआधी युजरला विचारा. मी स्वतः मुकादमाशी बोललो होतो, मामांशी बोललो होतो, एका डॉक्टर मित्राशी बोललो होतो. ज्या बायकांसाठी ते सगळं चाललं होतं त्यांच्यापैकी एकीशीही बोललो नव्हतो. ॲप अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. असू दे.

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. गावाचं आरोग्याचं नियोजन मुळात होतं कसं? आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीत नसतं, मलाही नव्हतं. साधारण एक हजार लोकवस्तीमागे एक आशा. पाच हजारांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागात हे आकडे कमी. लसी, गोळ्या, सगळं लोकसंख्येच्या हिशेबाने येतं. आणि प्रत्येक गावात एक समिती असते, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं तेव्हापासूनची ही व्यवस्था. या समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा निर्बंधमुक्त निधी मिळतो, म्हणजे तो कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचं. रक्कम फार नाही, पण ठरवण्याचा अधिकार गावाचा.

मामा एकेकाळी पंचायतीत मेंबर होते, त्यामुळे समितीच्या बैठकीत मला कोपऱ्यात बसायला मिळालं. अंगणवाडीची खोली, लहान मुलांच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेली मोठी माणसं. आदल्या वर्षी पैसे ब्लिचिंग पावडर, वजनकाट्याची दुरुस्ती आणि एका बाकड्यावर गेले होते. मी विचारलं, कोप्यांतली माणसं गावाच्या आकड्यात धरलीत का? सगळ्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. "ती आपली न्हवं की." कुणी वाईट हेतूने बोललं नव्हतं. कागदावर ते बरोबरच होतं. सिस्टरने समजावून सांगितलं, "मला लस मोजून येते. बाहेरची दहा पोरं आली तर मी कधी परत पाठवली नाहीत. पण ती माझ्या टार्गेटमध्ये नाहीत आणि माझ्या अहवालातही नाहीत. दिसतच नाहीत, तर त्यांच्यासाठी जास्तीचं मागू कशाच्या जोरावर?"

पल्स पोलिओच्या दिवशी मात्र कोप्यांची आठवण सगळ्यांना असते. पोलिओच्या नियोजनात वीटभट्ट्या, बांधकामं, ऊसतोडीच्या वस्त्या वेगळ्या लिहाव्या लागतात, त्यामुळे थेंब पाजणारी माणसं पार ओढ्यापर्यंत येतात. म्हणजे यादीत घातलं की जमतं.

मग विचार आला की इथे नाहीत तर नाहीत, यांच्या मूळ गावी तरी ही माणसं हिशेबात असतील. महाराष्ट्रात तर या बाबतीत बरंच चांगलं काम झालेलं आहे. २००७ साली देशातल्या नऊ राज्यांत आरोग्यसेवांवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. आपलं कर्नाटकही त्यात होतं. पण महाराष्ट्रात तो चांगला रुजला आणि 'लोकाधारित देखरेख व नियोजन' या नावाने पुढे अनेक वर्षं चालला. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्याचं समन्वयाचं काम होतं. सुरुवात पाच जिल्ह्यांत झाली: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखालची पाच गावं. गुणाकार केला तर सव्वादोनशे गावं होतात.

त्याची पद्धत मला फार भावली, कारण ती कुठल्याही ॲपपेक्षा सोपी आहे. गावातल्या बायकांना, वस्तीवरच्या लोकांना एकत्र बसवून साधे प्रश्न विचारायचे. नर्स गावात येते का? दवाखान्यात औषध मिळतं की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? बाळंतपणाला पैसे मागितले का? मग प्रत्येक सेवेला लोकांनीच रंग द्यायचा. चांगली असेल तर हिरवा, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते प्रगतिपुस्तक लांबून कळतं. नंतर जनसुनवाई. डॉक्टर, तालुक्याचे अधिकारी, पंचायत समितीची माणसं समोर बसतात आणि लोक उभे राहून सांगतात की हा रंग लाल का आहे. अधिकाऱ्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. कोणती औषधं शिल्लक आहेत याचा फलक दवाखान्याच्या भिंतीवर लागणं, बाहेरून औषध आणायची चिठ्ठी बंद होणं, असे बदल यातून झाले. पुढे तक्रारींच्या पलीकडे जाऊन रुग्ण कल्याण समितीचा पैसा कशावर खर्च व्हावा, हेही लोक सुचवू लागले. आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं १९७८ च्या अल्मा-आताच्या जाहीरनाम्यात लिहिलं आहे. ते वाक्य वाचताना जड वाटतं. लाल रंग देणाऱ्या आजीकडे बघितलं की सोपं वाटतं.

पण माझ्या डोक्यात एक आकडेमोड चालू होती, आणि ती जुळत नव्हती. देशभरातल्या ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे विकास आराखडे बनवायची मोहीम असते, ती २०१८ मध्ये २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी ठरली आणि पुढेही साधारण त्याच महिन्यांत चालत आली. आरोग्य खात्याचे पुढच्या वर्षाचे आराखडेही हिवाळ्यातच वर सरकतात. आणि ऊसतोड कामगार गाव सोडतात कधी? दसरा-दिवाळीच्या दरम्यान. येतात कधी? मार्च-एप्रिलात. म्हणजे त्यांच्या गावात त्यांची मोजणी होते, नावं यादीत असतात, पण योजना ठरते तेव्हा ती माणसं आमच्या ओढ्याकाठी असतात. इथे माणसं असतात, तर यादी नाही. दोन्ही राज्यांच्या व्यवस्था आपापल्या जागी ठीक आहेत आणि मधल्या फटीत ही सगळी वस्ती राहते आहे.

हे मी तिला सांगितलं, त्या मुलीच्या आईला. पुढच्या हंगामात टोळी परत त्याच जागी आली होती, मुलगी आता पाचटावर रांगत होती. ती हसली. "सहा म्हैने हितं, सहा म्हैने तितं. मंग आमचं गाव कंचं म्हनायचं, दादा?"

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या, आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. मीही वाचली होती आणि पान उलटलं होतं. आमच्या ओढ्याकाठच्या बायका त्यातल्याच, हे मला जुळवता आलं नव्हतं.

बैठक घ्यायची होती, पण कधी? टोळीला रविवार नसतो. फडात सगळे असतात, कोपीत कुणी नसतं. रात्री ट्रॉली भरायची कधी हाक येईल सांगता येत नाही. शिवाय मुकादम समोर असला की बायका तोंड उघडत नाहीत, हे मी ॲपच्या वेळी पाहिलं होतं. तिढा मामीने सोडवला. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. "हळदीकुंकू करूया की कोप्यांवर," ती म्हणाली. "हळदीकुंकवाला पुरुष माणसं थांबत न्हाईत." आणि नशिबाने त्याच आठवड्यात कारखान्यात काहीतरी बिघाड होऊन गाळप दीड दिवस बंद पडलं. मामीने तासाभरात तिळगूळ, पाट, चहाची किटली सगळं ओढ्यावर नेलं. टोळीत दोन विधवा बायका होत्या, त्या मागे सरकायला लागल्या. मामीने त्यांना हाताला धरून पुढे बसवलं आणि कार्यक्रमाचं नाव जागच्या जागी बदलून 'तिळगूळ' केलं. मी आणि मामेभाऊ लांब, बांधावर. आशा अक्का आणि मामी मध्ये.

आम्ही वर्तमानपत्राच्या मागच्या कोऱ्या कागदांवर सात चित्रं काढून नेली होती. दवाखाना, सुई, पाण्याचा हंडा, गोळ्या, ॲम्ब्युलन्स, लहान मूल, तपासणीचं यंत्र. एक कोरा कागद जास्तीचा ठेवला होता, तो अक्कांच्या सांगण्यावरून. प्रत्येकीला हरभऱ्याचे पाच दाणे दिले. जे सगळ्यात जास्त हवं त्यावर जास्त दाणे ठेवायचे. माझी पैज ॲम्ब्युलन्सवर होती.

ॲम्ब्युलन्सवर चार दाणे पडले. दवाखान्यावर तीन. सगळ्यात जास्त दाणे पडले त्या कोऱ्या कागदावर. अक्कांनी विचारलं, हे काय आहे? बराच वेळ कुणी बोलेना. मग एक वयस्क बाई म्हणाली, "आडोसा."

आंघोळीला आणि लघवीला जागा. सोळा बायका, चार महिने, आणि ऊस तुटत जाईल तसं आजूबाजूचं रान उघडं पडत जातं. त्यामुळे अंधार पडेपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हणून पाणी कमी प्यायचं. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. मग जळजळ, अंगावरून जाणं, कंबर धरणं. मग गावी गेल्यावर खासगी डॉक्टर. "आन् डाक्टर म्हंतोय पिशवी काढून टाका, म्हंजे खाडा बी न्हाय," ती वयस्क बाई म्हणाली. तिची पिशवी तिशीत काढली होती.

मी बांधावर बसून हे ऐकत होतो. माझ्या फॉर्ममध्ये बत्तीस रकाने होते. रक्तदाब होता, साखर होती, लसीची तारीख होती. आडोशाचा रकाना नव्हता. तो कुठल्याच तज्ज्ञाने घातला नसता, कारण तो दिसायला आरोग्याचा विषय नाही.

दुसऱ्या नंबरवर पाणी आलं, तिसऱ्यावर सुई. लस नको असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. लसीकरण सकाळी दहाला अंगणवाडीत असतं, तेव्हा आई फडात असते. "सांजच्याला हितं या की," एवढीच मागणी. लहान मुलांचा कागदही भरला होता. फडात नेलेली पोरं उसाच्या गाड्यांच्या आसपास खेळतात, जीव टांगणीला लागलेला असतो. तो प्रश्न आम्हाला सोडवता आला नाही, अजूनही सुटलेला नाही.

पुढच्या समितीच्या बैठकीला कोपीतल्या दोघी आल्या. ती आणि ती वयस्क बाई. अर्ध्या दिवसाचा खाडा लागायचा होता, तो लागला नाही. आदल्या संध्याकाळी मामांनी मुकादमाला चहाला बोलावलं होतं. दोघी दाराशी जमिनीवर बसल्या, खुर्ची दिली तरी वर बसल्या नाहीत. बोलल्या मात्र नीट. तीनच गोष्टी, हरभऱ्याच्या क्रमाने. त्यांचं मराठी, समितीतल्या काहींचं कन्नड, मध्ये अक्का दोन्हीकडे सांगत होत्या.

वाद झालाच. एक जण म्हणाला, गावाच्या पैशातून बाहेरच्यांना का द्यायचं? कारखान्याने द्यावं, मुकादमाने द्यावं. त्याचं अगदीच चूक होतं असं मला वाटत नाही. कारखान्याची जबाबदारी आहेच, आणि गावाच्या दहा हजारांतून ती झाकली जाऊ नये. मामा म्हणाले, "कारखान्याला कागद देऊया, माझी सही घ्या. पण कागद हलेपर्यंत पट्टा पडंल." शेवटी बांबू, हिरवं शेडनेट आणि चार फरशा एवढा खर्च मंजूर झाला. बाकी श्रमदान. दोन दिवसांत दोन आडोसे उभे राहिले. पाण्याच्या नळाला नकार आला, पण मामांच्या बोअरचं पाणी भरायला ठरलेली वेळ मिळाली. सिस्टरने महिन्यातून एका संध्याकाळी कोप्यांवर यायचं मान्य केलं आणि तीन वेळा आल्याही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, निदान माझ्यासारख्याच्या दृष्टीने, आशा अक्कांच्या वहीत एक वेगळं पान सुरू झालं: 'हंगामी वस्ती'. कोयते किती, गरोदर किती, पाच वर्षांखालची मुलं किती. तो आकडा आरोग्य केंद्राच्या अहवालाला जोडून वर गेला. सिस्टरच्या हातात आता मागण्यासाठी कागद आहे.

माझ्याकडून लागली ती एकच वस्तू, आणि तिला इंटरनेट लागत नाही. जवळच्या विजेच्या डीपीचा क्रमांक, शेताचा सर्व्हे नंबर, मुख्य रस्त्यापासूनच्या वळणांची खूण, अक्कांचा आणि मामांचा फोन. हे सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये छापून, लॅमिनेट करून प्रत्येक कोपीच्या कमानीला बांधलं. १०८ ला फोन केला की वाचून दाखवायचं. मराठी वाचता येत असेल तर ठीक, नसेल तर डीपीचे आकडे तरी वाचता येतातच. मागच्या बाजूला एकच सूचना छापली होती: पुढच्या वर्षी येताना कार्ड सोबत आणा. त्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून इथल्या दवाखान्याला पुष्कळ माहिती मिळू शकते. भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवीही दिली.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात तिचा फोन आला. १ मेच्या ग्रामसभेला ती गेली होती, आयुष्यात पहिल्यांदा. आधी महिलांची सभा होते हे तिला माहीतच नव्हतं, गावातल्या आशाताईंनी सांगितलं. तिथे ती म्हणाली, आरोग्याचं काय ठरवायचं ते आम्ही गावात आहोत तोवर ठरवा. सरपंच म्हणाले, बघू. पावसाळ्यात आशाताईंनीच मनावर घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची वेगळी यादी केली आणि निघायच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. आराखड्याची बैठक मात्र यंदाही ऑक्टोबरातच लागली. ती गेली होती. सभा चालू असताना अर्धी वस्ती उचल घेऊन ट्रकात सामान भरत होती, असं तिने सांगितलं. ठरावाच्या वहीत तिचं म्हणणं लिहून घेतलं का, हे विचारायला ती परत गेली. लिहून घेतलं होतं. तिने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. अक्षर लागायला अवघड आहे, पण आहे.

यंदा ही टोळी आमच्याकडे आलेली नाही. मुकादम बदलला, कारखाना बदलला. आमच्या ओढ्याकाठी नवी माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी वहीतलं पान नव्याने भरायला अक्कांनी सुरुवात केली आहे, आणि आडोशाचं शेडनेट उन्हाने विरलं होतं ते मामांनी बदललं. पण ती, तिचा नवरा आणि दोन मुलं मुधोळच्या बाजूला गेली आहेत, बागलकोट जिल्ह्यात. दिवाळीनंतर तिने फोन केला. कार्ड या वेळी सोबत आणलं आहे, पिशवीत घालून. कारण जावेला सहावा महिना आहे. "दादा, हितल्या आशाताईचा नंबर घ्या की मिळवून. बोलायला कानडी यीना आमाला."

मी दोन-तीन ठिकाणी विचारलं आहे, अजून मिळाला नाही. मुधोळ भागात आपल्या मंडळाच्या वाचकांची घरं आहेत, शेती आहे, पाहुणे आहेत. कोणाच्या ओळखीने तिथल्या आशा कार्यकर्तीचा किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा संपर्क मिळाला, तर संपादकांकडे कळवा, ते माझ्यापर्यंत पोचवतील. कोपीचा पत्ता तिने मला फोनवर सांगितला आहे. डीपीचा क्रमांक आहे, कॅनॉलचं कितवं वळण ते आहे.